एका ओळीतले नऊ कपॅसिटर

लॅपटॉप विटेएवढे जाड असायचे, त्या काळातला एक लॅपटॉप बंद पडला होता. दामोदर वेर्णेकरांनी तो दुरुस्तीसाठी उघडला. त्याच्या मदरबोर्डवर एका ओळीत नऊ कपॅसिटर बसलेले होते. त्यांतला सहावा आतून शॉर्ट झाला होता आणि सगळी वीज तोच गिळत होता. त्याची धग शेजाऱ्यांना कधीचीच लागली होती.

"कुणी तोंड उघडायचं नाही," पहिला कपॅसिटर म्हणाला. "तो आपल्या ओळीतला आहे."

वेर्णेकरांनी शॉर्ट सापडला की वाजणाऱ्या मीटरची टोकं लावली. सगळे एकाच लाइनवर असल्यामुळे मीटर प्रत्येकावर सारखाच वाजला. त्याने विचारलं, "तुमच्यातला खराब कोण?"

"आम्हाला काय माहीत? त्या मोठ्या चिपला विचार."

चिपही त्याच लाइनवर होती, त्यामुळे मीटर तिथेही वाजला. "मी धड आहे," ती म्हणाली. "या नऊजणांना ते ठाऊक आहे."

नऊजण गप्प राहिले.

त्या आठवड्यात वेर्णेकरांकडे आलेल्या दोन बोर्डांची चिपच गेलेली होती. म्हणून त्यांनी हीसुद्धा गरम हवेने उपटली. उपटताना ती करपली. मीटर मात्र वाजतच राहिला. मग, शॉर्ट झालेला असेल तो तापेल म्हणून, त्यांनी ओळीवर स्पिरिट लावून थोडा करंट सोडला. सहाव्यावरचं स्पिरिट बघता बघता उडून गेलं.

"हे आधी करायला हवं होतं," वेर्णेकर पुटपुटले. तसली चिप आता कुठेच मिळत नव्हती. त्यांनी बोर्ड भट्टीत जाणाऱ्या भंगाराच्या पोत्यात टाकला.

"पण आम्ही आठजण तर धड आहोत," पहिला कपॅसिटर पोत्यातून म्हणाला.

मीटर म्हणाला, "चिपही हेच सांगत होती."