बांधावरचा वाळा

पूर्वी क्षेमा नदीकाठच्या रोहितनगरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने वाळा पिकवणाऱ्या एका घरात जन्म घेतला होता. त्याचे नाव उत्तिय. नगरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, नदीच्या बांधाआड, त्याचे साठ घरांचे गाव होते. दीड वर्ष वाढलेल्या वाळ्याचे ठोंब खणायचे, मुळ्या कापून धुवायच्या, सावलीत सुकवायच्या आणि वरचे फुटवे पुन्हा मातीत लावायचे, हे त्याचे काम. त्या मुळ्यांतून तो सुगंधी तेल काढीत असे.

एका उन्हाळ्यात राणी नंदवतीला दाहज्वर झाला. काही केल्या अंगाची आग शमेना. राजवैद्य म्हणाला, "पक्व वाळ्याचे तेल चंदनात कालवून लावले तर राणी वाचेल. पण ते तीन दिवसांच्या आत हवे."

अमात्य भद्रजित रथ घेऊन उत्तियाच्या दारी आला. शेतातला वाळा तेव्हा जेमतेम सात महिन्यांचा होता. त्याच्या मुळ्यांनी अजून वास धरला नव्हता. मागच्या पिकाच्या मुळ्या व्यापारी केव्हाच घेऊन गेले होते. जुना वाळा उरला होता तो फक्त बांधावर. कितीएक पिढ्यांपूर्वी कुणीतरी तो लावला होता आणि त्याच्या खोल मुळ्यांनीच बांधाची माती धरून ठेवली होती.

"बांध खणून काढ," अमात्य म्हणाला. "महाराज हे गावच तुझ्या नावे करतील."

"महिन्याभरात नदी चढेल. गाव वाहून गेल्यावर मी नाव कशाला लावू?"

"तिकडे राणी मरते आहे आणि तुला मातीची काळजी!"

उत्तिय म्हणाला, "राणीची काळजी मलाही आहे. पण हा वाळा मी लावलेला नाही. ज्यांनी लावला त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. त्यांच्यामुळे आम्ही पावसाळ्यात घरात निवांत झोपतो. ती झोप मोडायचा अधिकार मला नाही. मला दुपारपर्यंत वेळ द्या."

मग तो गावात घरोघर गेला. लोक कपड्यांच्या पेटाऱ्यात आणि अंथरुणांच्या घड्यांत वाळ्याच्या सुक्या जुड्या जपून ठेवत. उत्तियाने काय हवे आणि कशासाठी हवे, एवढेच सांगितले. कुणी दोन जुड्या दिल्या, कुणी पाच. एका नव्या नवरीने सासरी आणलेला पेटारा त्याच्यासमोर रिकामा केला.

गावाच्या टोकाला केशिनी नावाची वृद्ध कुंभारीण राहत होती. तिच्याकडे एकच मोठी जुडी होती. तिच्या नवऱ्याने मरणापूर्वी शेवटच्या खणणीत ती आपल्या हाताने बांधली होती. तिने ती नाकाशी धरली आणि मग उराशी कवटाळली.

"आजी, ही राहू दे," उत्तिय म्हणाला.

"राहू दे कशी? उरावर ठेवून मी नुसती रडत असते. हिच्यानं एखादीचं अंग निवेल तर त्यांना बरंच वाटेल." तिने जुडी त्याच्या हातात दिली आणि पदराने डोळे टिपले.

मागोमाग आलेला अमात्य दारात उभा राहून हे पाहत होता. परतताना सगळ्या जुड्यांचा भारा त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला.

उत्तियाने मुळ्या बारीक कापल्या, तांब्याच्या हंड्यात पाण्यासह घातल्या, झाकण कणकेने लिंपले आणि मंद आच दिली. बांबूच्या नळीतून थेंब पडू लागताच अमात्य घाईने म्हणाला, "झालं! मी निघतो."

"आत्ता आलं ते हलकं तेल. वाळ्याचं औषध सावकाश, शेवटी येतं. बसा."

अमात्य बसला आणि चुलीत लाकडे सारू लागला. दुसऱ्या दिवशी उन्हे कलेपर्यंत ओंजळभर दाट, सोनेरी तेल जमले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते राणीच्या अंगाला लागले आणि संध्याकाळी आग शमून तिने पाणी मागितले.

राजाने उत्तियाला बोलावून मागशील ते देईन म्हटले. बांधावरचा वाळा कुणी कधी खणू नये, एवढी राजाज्ञा त्याने मागून घेतली. त्या पावसाळ्यात क्षेमेचे पाणी बांधाच्या काठाला टेकले आणि तिथूनच उतरले.

पुढच्या वर्षी शेतातला वाळा पिकला तेव्हा राणी नंदवती गावात आली. तिने स्वतः एक ठोंब खणला, मुळ्या धुतल्या, त्या सुकेपर्यंत गावातच राहिली आणि जुडी बांधून केशिनीच्या घरी गेली.

"आजी, तुमच्या घरातला वास मी नेला. तो काही मला परत आणता येणार नाही. ही माझ्या हातची आहे."

केशिनीने जुडी हुंगली. "कच्ची बांधलीस पोरी, सुटेल," ती म्हणाली. "बस इथं, गाठ कशी मारायची ते दाखवते." आणि राणी तिच्याजवळ मातीत बसली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, आज पहाटे विहारात आपल्या आजारी भावाला पाणी पोचायला उशीर झाला म्हणून जो तुमच्यावर ओरडला आणि मग स्वतःच घागर घेऊन धावला, तोच तेव्हाचा अमात्य. रुग्णांची वस्त्रे धुणारी उपासिका ही ती राणी, आणि तिला हे काम शिकवणारी वृद्ध भिक्षुणी ही केशिनी. उत्तिय मी होतो. ज्यांचे नावही माहीत नाही त्यांचे उपकार ओळखावे आणि ते मोडू न देता पुढच्यांच्या हाती द्यावे, याला कृतज्ञता म्हणतात."