आतून लागतो, बाहेरून नाही

"आतून लागतो, मग बाहेरून का लागत नाही?"

अक्कांनी पुन्हा विचारलं.

विश्वंभर मठाच्या ओसरीवर राउटर मांडीत घेऊन बसला होता. त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती. इंटरनेटची तार तेवढी डोंगर चढून आली होती, आणि त्या तारेवर त्यानेच मठाला फोन जोडून दिला होता. अक्कांचा शिष्य होण्याआधी तो याच कामातला इंजिनिअर होता.

परभणीच्या दवाखान्यात त्याची आई होती. दुपारी हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी धाकटा भाऊ, उद्धव, फोन लावून तिच्या कानाशी धरणार होता. दूधवाल्याबरोबर तसा निरोप आला होता.

सकाळपासून घंटी वाजली नव्हती.

"राउटर राखणदारासारखा असतो, अक्का. आतलं कुणी बाहेर बोललं, की त्याचं उत्तर तो आत सोडतो. पण आतलं माणूस बराच वेळ गप्प राहिलं, की विसरून जातो. मग बाहेरून येणारा उंबऱ्यावरूनच परत."

"उपाय?"

"फोनने अधूनमधून बाहेर काहीतरी पाठवत राहायचं. रिकामं असलं तरी चालतं."

"रिकामं म्हणजे?"

"मजकूर नसतो. नुसतं, मी आहे."

अक्कांनी त्याच्याकडे बघत कापूस पुढ्यात ओढला आणि वात वळायला घेतली.

"कळलं मला," तो एकदम उसळला. "आता तुम्ही म्हणाल, तूही घरी फोन करत जा. नाही करणार. घरून आला तर घेईन. मी होऊन करणार नाही. व्रत आहे माझं."

"मी दिलं होतं?"

"नाही. मीच घेतलं. तुमच्या नियमाहून कडक."

"अरे वा! मग मी तुझ्या पाया पडू की काय?"

तो बाजूचा लॅपटॉप ओढून त्यावर वाकला.

"हे काय काढतोयस आता?"

"राउटरला आणखी एक खोड आहे. फोनच्या बोलण्यात तो आपणहून दुरुस्ती करतो. मदत म्हणून. त्यात पत्ताच बिघडतो. ती मदत बंद करतोय."

"बंद करता येते?"

"एका बटणाने."

"आमच्या विश्वस्तांना आहे का रे असं बटण?"

तो हसला नाही. दोन्ही सेटिंगं बदलली, राउटर बंद करून पुन्हा चालू केला. पुण्याच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला आणि थोड्या वेळाने उलट फोन करायला सांगितलं.

घंटी खणखणीत वाजली. आवाज दोन्हीकडून स्वच्छ.

"याला बरा आपणहून फोन केलास," अक्का म्हणाल्या.

"तो घरचा नाही."

"हो. खरंच."

विश्वंभर फोनसमोर मांडी घालून बसला. ऊन ओसरीच्या कडेवरून मागे सरकत चाललं. फोन वाजला नाही.

"आता सगळं बरोबर आहे. तरी का वाजत नाही?"

"मला काय विचारतोस? इंजिनिअर तू."

...

"सकाळी उद्धवने लावला असेल?" अक्कांनी विचारलं.

"लावला असेल. पुन्हा पुन्हा."

"त्याला काय ऐकू आलं असेल?"

"की... हा नंबर उपलब्ध नाही."

"आणि त्याने आईला काय सांगितलं असेल?"

विश्वंभर राउटरच्या दिव्यांकडे बघू लागला.

"दार उघडलंस, चांगलं केलंस. परत गेलेल्याला ते कोण सांगणार?"

"तो पुन्हा लावेल."

"लावेलही."

"लावायलाच हवा! दिवाळीपासून मी शब्द मोडलेला नाही. आजच का मोडू? मरणाला भिऊन मोडलं तर ते व्रत कसलं?"

"बरोबर आहे."

"मग?"

"मग काही नाही. हा हट्ट कुणाचा तुझ्यात? वडिलांचा?"

"आईचा," तो म्हणाला, आणि थांबला.

अक्का वाती वळत राहिल्या.

"म्हणजे ती उद्धवला सांगत असेल," त्या हलकेच म्हणाल्या, "आता लावू नकोस. बघू, तो करतो का."

विश्वंभरचा हात फोनकडे गेला. त्याने तो मागे घेतला.

"नैवेद्याची वेळ झाली, अक्का. मी पाणी आणतो."

"बस."

"हे व्रत मोडलं तर तुम्हाला तोंड दाखवता येणार नाही मला."

"नको दाखवू. तसंही फार बघण्यासारखं नाही."

"चेष्टा करू नका! लोक हसतील, त्याचं काही नाही. तुम्ही रागवाल, तेही सोसेन." त्याने गाभाऱ्याकडे बोट केलं. आवाज चिरकला होता. "पण त्याच्यासमोर घेतलंय मी. त्याने विचारलं तर काय सांगू?"

अक्का उठल्या. सावकाश चालत गाभाऱ्यापाशी गेल्या. आत समईची ज्योत स्थिर होती.

त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

"सांग, थांब म्हणावं. आईशी बोलतोय."