चौथी टाच

मंडळी, आमच्या नाचात तो डावीकडचा गडी दर फेरीला एक टाच उशिरा आपटतो, हे तुम्ही पाहिलंत. पाहुणे हसतात, नवशिका असेल म्हणतात. पण आमच्या लिथुएनियन मंडळात ती जागा सगळ्यांत तयार नाचणाऱ्यालाच मिळते.

आमचे पूर्वज समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात कोळसा खणायला आले. आठवडाभर खाण आणि रविवारी चर्चच्या तळघरात लाकडी जोडे घालून नाच. मंडळ चालवायची आगोता. बाई मोठी कडक होती, असं सांगतात. तिचा नवरा स्तेपोनास खाणीत कामाला. माणूस लोण्यासारखा, पण ठेक्याशी त्याचं जन्माचं वाकडं. चार टाचांपैकी तीन बरोबर पडत, चौथी हमखास उशिरा. शेवटी उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाच्या तोंडावर आगोतानं त्याला चारचौघांत मंडळातून काढलं.

"तू बाकावर बसून टाळ्या वाजव," ती म्हणाली. "त्या तरी वेळेवर वाजव!"

स्तेपोनासनं जोडे पुसून ठेवले आणि घरी गेला.

दुसऱ्याच दिवशी खाणीचं छत कोसळलं. सात जण आत अडकले, त्यांत स्तेपोनासही. दोन दिवस खणूनही आतून हूं की चूं नाही. तिसऱ्या दिवशी खाणीचे साहेब म्हणाले, आता आत कुणी जिवंत नसणार, तोंड बुजवून टाकू.

आगोता उठली. मंडळातल्या बायापुरुषांना लाकडी जोडे घालून डोंगरावर घेऊन गेली. खालचा बोगदा तिथे फार खोल नव्हता म्हणे. सगळ्यांनी उघड्या खडकावर एकदम चार टाचा आपटल्या आणि कान जमिनीला लावले. काही नाही. वीस पावलं पुढे सरकून पुन्हा आपटल्या. असं करत दुपार कलली, पायांतून रक्त आलं.

आणि मग खालून आवाज आला. ठक, ठक, ठक.

"खडक सरकतोय, बाई," मागोमाग आलेले साहेब म्हणाले.

तेवढ्यात, जरा उशिरानं, चौथा. ठक.

आगोता हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसतेय. "साहेब, खडक असा चुकत नाही. हा माझा नवरा आहे! इथे खणा."

पहाटेपर्यंत सातही जणांना वर काढलं. स्तेपोनास सगळ्यांत शेवटी आला, काळाठिक्कर. बायकोकडे बघून त्यानं विचारलं म्हणे, "पुन्हा चुकलो का गं?"

"चुकलास," ती म्हणाली. "आता कधी बरोबर आलास तर याद राख!"

पुढे तो म्हातारा होईपर्यंत नाचला, तसाच. त्याच्यामागे ते उशिराचं पाऊल मंडळानं सांभाळलं. खाण कधीच बंद झाली. पण आजही तळघरातल्या तालमीत एखाद्या पोराची टाच खरोखरच मागे पडली, तर शिकवणारी बाई रागावत नाही. ती हात वर करून सगळ्यांना गप्प करते, आणि त्या पोराला म्हणते, "पुन्हा वाजव बाळा, ऐकू दे."