नथूनं विहिरीचे आकडे काढले

एका गावात, म्हणजे आमच्याच, नथू नावाचा एक भोळा ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायचा. बसायचा छान. कचेरी माझ्या खिडकीला लागूनच, त्यामुळे न बघताही सगळं दिसायचं.

त्या उन्हाळ्यात विहीर आटली. टँकर हवा होता. सुपडू गुरुजींनी पावसाचे आणि विहिरीचे आलेख काढून ठेवलेले. पण तालुक्याचे साहेब म्हणाले, "चित्रं नकोत, आकडे पाठवा." साहेब शिकलेले ना! मग सॉफ्टवेअर आलं. आलेख स्कॅन करायचा, शून्य कुठे ते दाखवायचं, ठिपक्यांवर क्लिक करायचं, की आकडे बाहेर.

सरपंच अनसूयाकाकू म्हणाल्या, "नथू, ठिपका दिसला की क्लिक कर."

पहिला कागद गेल्या वर्षीच्या पावसाचा. नथूनं माश्यांनी केलेल्या ठिपक्यांवरही क्लिक केलं. गावात एकाच दिवशी नऊ वेगवेगळे पाऊस पडले.

"अरे, माश्यांची घाण ती! आधी पुसायचं, मग क्लिक."

"बरं काकू."

दुसरा कागद यंदाच्या पावसाचा. तो स्वच्छच होता. नथूनं खोडरबर घेतलं आणि गुरुजींचे पेन्सिलीचे ठिपके पुसले. यंदा थेंबही पडला नाही.

"घाण गेली, काकू."

काकूंनी चष्मा लावून पेन्सिलीचे वळ पुन्हा गिरवले. "आता पुसलंस तर बघ! आणि हे बघ, शून्य इथं तळाशी. तळापासून वर मोजायचं. कळलं?"

"शून्य तळाशी. कळलं."

तिसरा कागद विहिरीचा. विहीर मोजतात काठापासून. म्हणून गुरुजींनी शून्य वर लिहिलेलं आणि चाळीस फूट खाली. पाणी आटेल तशी रेघ खाली गेलेली. नथूनं पाहिलं. शून्य वर! एवढे गुरुजी, पण चुकले. बिचाऱ्यानं चारचौघांत बोभाटा न करता दुरुस्ती केली. शून्य तळाशी, चाळीस वर. काकू हापशाच्या रांगेत होत्या. त्यानं आकडे पाठवून दिले.

साहेबांनी वाचलं: जानेवारीत पाणी काठाखाली वीस फूट, मार्चमध्ये दहा, मेमध्ये दोन. भर उन्हाळ्यात विहीर वर चढतेय, हे त्यांना मुळीच खटकलं नाही. आकडे होते ना!

गुरुवारी ट्रक आला. आम्ही सगळ्या हंडे घेऊन धावलो. ट्रकमधून उतरली रबरी होडी, तिच्यामागून सहा वल्ही आणि साहेबांचं पत्र. 'विहीर आठवड्यात गावात शिरेल. सावध राहा.'

काकू मटकन धुळीत बसल्या. नथू होडीत चढून वल्हं धरून तयार.

"काकू, ते हंडे आधी माळ्यावर टाका बरं," तो काळजीनं म्हणाला, "वाहून जातील!"