कवड्या आणि भुलीचा बाजार

एका राज्यात पाणी चोरीला गेलं होतं. विहिरी होत्या, रहाट होते, पोहरे होते. पाणी तेवढं नव्हतं. कालजिव्ह नावाच्या मांत्रिकानं राज्याचा जलकुंभ पळवला आणि डोंगरापलीकडे आपल्या भुलीच्या बाजारात नेऊन ठेवला. तिथं एकासारखे एक, असे हजार कुंभ मांडलेले. खरा कुंभ माणसाच्या डोळ्याला ओळखू येत नसे, कुत्र्याच्या नाकाला येई. आणि तो उचलायला राजरक्ताचाच हात लागे.

कालजिव्हाची अट अशी होती: कुत्रा पुढे, त्याला सांभाळणारा मधे, कुंभ उचलणारा मागे. तिघांना मिळून कच्च्या सुताचा एकच धागा. धागा तुटला, तर मागचा माणूस दगड होईल. बाजार महिन्यातून एकदाच, पौर्णिमेच्या सकाळी उघडे.

राजाची कुत्री वीस वर्षं चिमाक्का सांभाळीत होती. तिचा लाडका कवड्या. काळ्या अंगावर कवड्या विखुरल्यासारखे पांढरे ठिपके. श्वानशाळेच्या अंगणात तो सुताच्या धाग्यावर असा चाले, की धागा कधी ताठ होत नसे.

"अंगणात चालतो तो बाजारातही चालेल, महाराज," चिमाक्का छातीवर हात ठेवून म्हणाली. अंगणात ना वास होते, ना गलका, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पौर्णिमा आली. ढोल वाजले, तुताऱ्या वाजल्या. सारं नगर बाजाराच्या वेशीशी जमलं. कवड्या पुढे, चिमाक्का मधे, मागे राजकन्या कनकावती. वेशीतून पाऊल आत पडलं, तोच गर्दीतून कुणी ओरडलं, "चिमाक्का, आज राज्य तुझ्या हातात ग!"

चिमाक्कानं मागं वळून पाहिलं. पदर सावरला. हसली. तेवढ्यात बाजूनं भाजल्या मांसाची गाडी गेली. कवड्यानं मान वर करून चिमाक्काकडे पाहिलं. तिचं तोंड भलतीकडेच होतं. मग त्यानं उडी घेतली.

धागा तुटला. कनकावती जागच्या जागी दगड झाली.

चिमाक्कानं काठी उचलली आणि साऱ्या नगरादेखत कवड्याच्या पाठीत तीनदा घातली. "मेल्या, नाक कापलंस माझं!" कवड्या पळाला नाही. पोट जमिनीला लावून बसला.

राजानं विचारलं, "चूक कुणाची?"

"कुत्र्याची, महाराज."

"मग त्याला रानात नेऊन सोडा. तुला बोल नाही, आक्का. वीस वर्षं तू इमानानं राबलीस." राजानं आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. तिनं घालून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती कवड्याला घेऊन रानात गेली. दगडावर एक टिटवी बसली होती.

"कडं शोभतं हो!" टिटवी म्हणाली.

चिमाक्कानं हात पदराखाली घेतला.

"झाकतेस कशाला? वेशीच्या बुरुजावर मीच बसले होते. कुत्र्यानं तुझ्याकडे पाहिलं. तू कुणाकडे पाहत होतीस?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चिमाक्काला झालं. धरणी कोरडी होती, भेगाही होत्या. पण तिला घेईल अशी एकही नव्हती.

"आता काय करू?"

"तीन कामं कर. घाटाखालच्या पेठेत रोज बाजार भरतो. जिथून बाजार दिसेल पण कुत्र्याला ओढणार नाही, इतक्या लांब बस. हाक मारू नकोस. तो आपणहून तुझ्याकडे पाहील, त्या क्षणी घास दे. हे पहिलं. मग एकेक पाऊल जवळ जा. त्यानं ओढ घेतली, तर तूच मागं हो. घाई तू केलीस असं समज. हे दुसरं."

"आणि तिसरं?"

"भरल्या दरबारात खरं बोल. बोलताना नजर कुत्र्यावरून हलू देऊ नकोस."

"बाई, दोनच सांगितली असतीस तर!"

"दोनांत शाप तुटत नाही," टिटवी म्हणाली आणि उडाली.

चिमाक्का पेठेबाहेरच्या टेकाडावर बसली. ओच्यात भाजलेल्या कलेजीचे तुकडे होते. पहिला दिवस कवड्या पाठ करून बसला. दुसराही. तिसऱ्या दिवशी त्यानं मान वळवून ओझरतं पाहिलं. चिमाक्कानं लगबगीनं हात उचलला, तर तो अंग चोरून मागं सरला. घास द्यायला उचललेल्या हातात त्याला काठी दिसली होती. चिमाक्कानं हात खाली घेतला, तळवा उताणा मातीवर ठेवला, त्यावर तुकडा ठेवला आणि डोळे पुसायलाही हात उचलला नाही. बऱ्याच वेळानं तळव्याला ओलं नाक लागलं.

मग टेकाडावरून चिंचेखाली, चिंचेखालून कुंभाराच्या ओट्यापाशी. कवड्या बाजाराकडे पाही, मग तिच्याकडे. पाहिलं की घास.

बायका हसत. "काय ग, कुत्र्याला बांगड्या भरायला आणलंस का?"

चिमाक्काच्या कानशिलांना चटके बसत. दोर हिसडायला हात शिवशिवे. पण कवड्यानं ओढ घेतली, की ती निमूट दहा पावलं मागं जाई, पुन्हा सुरुवात करी. पंचविसाव्या दिवशी तो खाटकाच्या दुकानासमोर बसला, आणि नजर तिच्या तोंडावर.

मग ती नगरात परतली. लोकांनी कवड्यावर धोंडे मारले. "हाच तो! राजकन्येला गिळून बसलेला!" चिमाक्कानं त्याला पदराआड घेतलं आणि दरबारात शिरली. तिनं कवड्याकडे पाहिलं, कवड्यानं तिच्याकडे.

"महाराज, कुत्र्याची चूक नव्हती. त्यानं मला विचारलं, मी तिथं नव्हते. लोक मला पाहतात की नाही, ते मी पाहत होते. मग मी त्याला मारलं, तुमच्याशी खोटं बोलले, आणि हे घेतलं." तिनं कडं काढून पायरीवर ठेवलं.

दरबार कुजबुजला. कुणी थू म्हटलं. ती ऐकत होती, पण नजर हलली नाही.

राजा सिंहासनावरून उतरून खाली आला. मग म्हणाला, "आता माझ्या घरात राजरक्ताचा एकच हात उरलाय. माझा."

"महाराज, धागा तुटला तर?" चिमाक्कानं विचारलं.

"म्हणून तर जी कबूल करते तिच्यामागून चालतो."

पौर्णिमेला तिघं आत शिरले. वाटेत ससे उड्या मारीत होते, कढईत मटणाची सागुती उकळत होती. कवड्या पाही, मग मान वळवून चिमाक्काकडे पाही. ते पाहून कालजिव्हानं कुत्र्याचा नाद सोडला आणि तिच्यावर भूल टाकली. दुतर्फा नगरातली माणसं उभी राहिली, तिच्याच ओळखीची. "हीच ती खोटारडी! मुक्या जनावरावर आळ घालणारी!"

शब्द न शब्द खरा होता. चिमाक्काची पावलं अडखळली, मान वळू लागली, धागा ताठ झाला.

कवड्या थांबला. मागं फिरला नाही, भुंकला नाही. मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. ती परत येईपर्यंत उभा राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा धागा सैल झाला.

हजारांतल्या एका कुंभापाशी कवड्या बसला. राजानं कुंभ उचलला. बाजार धुरासारखा विरला, कालजिव्ह त्यातच विरला. वेशीशी कनकावती दगडाची माणूस झाली, आणि पहिलं काय म्हणाली तर, "तहान लागलीय." नगरातल्या विहिरी तोवर काठोकाठ भरल्या होत्या.

राजा म्हणाला, "आक्का, हत्तीवरून मिरवणूक काढतो."

"मिरवणूक नको, महाराज. दवंडी पिटवा. कुत्र्याची चूक नव्हती, चिमाक्काची होती. लोक अजून त्याला धोंडे मारतात."

"मग ते तुला हसतील."

"हसू देत."

दवंडी पिटली. प्रत्येक चौकात दवंडीवाल्यामागं चिमाक्का उभी राहिली, मान खाली घालून. मान खालीच असल्यामुळं तिला दिसलं, की कवड्या प्रत्येक चौकात तिच्याकडेच पाहत होता. ओच्यातले तुकडे नगराची वेस यायच्या आधीच संपले.