कावळ्याकडची अनामत

धान्यबाजाराच्या पत्र्यावर कावळे नुकते बसायला लागले होते, त्या काळची ही गोष्ट.

त्यातला एक कावळा उंदराला म्हणाला, "ज्वारी असो, लोखंड असो, रॉकेल असो. विकत काहीच घ्यायचं नाही. भाव चढेल की उतरेल, एवढंच सांगायचं. एक दाणा माझ्याकडे अनामत ठेव आणि दहा दाण्यांचा खेळ खेळ. भाव उलटा गेला, तर तोटा त्या अनामतीतून कापेन."

उंदीर लोखंडावर जिंकला, रॉकेलवरही जिंकला. मग पोत्यांखाली सांडलेलं वेचायला जाणं त्याला कमीपणाचं वाटू लागलं. एका सकाळी त्याने बिळातले सगळे दाणे कावळ्यापुढे ओतले. "आज ज्वारी चढणार!"

दुपारी ज्वारीच्या गाड्यांची रांग लागली आणि भाव कोसळला.

"अनामत संपत आली. आणखी दाणे आण," कावळा म्हणाला. उंदराकडे एकही उरला नव्हता. कावळ्याने होते तेवढे टिपले आणि खेळ मिटवला.

संध्याकाळी परगावचे व्यापारी खरेदीला उतरले. ज्वारी सकाळच्याही वर गेली.

"बघ, मी बरोबर होतो!" उंदीर ओरडला.

"होतास की," कावळा चोच पुसत म्हणाला. "पण संध्याकाळी. तुझे दाणे दुपारीच संपले."

बिळात आल्यावरही उंदराचं तेच चालू होतं. "अगं, भाव चढणार हे मी सकाळीच सांगितलं होतं!"

उंदरिणीने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. "मग पिल्लांनाही तेच सांगा. सकाळपासून दाणा मागताहेत."