उपटलेला दात पुन्हा धरला

बिदरच्या वाटेवर, मांजरा नदीच्या अलीकडे खारोळं नावाचं गाव आहे. जमीन खारवट, पाणी मचूळ. पिकायचं ते पिकायचं, नाहीतर नाही. अशा गावात सुलतानांच्या काळी दातवणबाबा राहत. त्यांचं खरं नाव शाह फाजिल, पण ते कोणी घेत नसे. त्यांच्या झोपडीपाशी पीलूचं झाड होतं. दर्शनाला येईल त्याच्या हातात बाबा त्या झाडाची दात घासायची एक काडी ठेवत आणि म्हणत, "ज्या तोंडानं त्याचं नाव घ्यायचं, ते तोंड आधी धुवावं." बस्स, हाच त्यांचा प्रसाद आणि हाच उपदेश!

त्या काड्या तोडून, सोलून, त्यांच्या जुड्या बांधायचं काम लाडबी करी. लाडबी म्हणजे गावच्या हज्जामाची विधवा. नवरा गेल्यावर त्याचा चिमटा तिनं हातात घेतला आणि बायकांचे दात ती काढू लागली. परदानशीन बायका दुसऱ्या कोणापुढे तोंड उघडणार? हात इतका हलका, की पोरी रडायला सुरुवात करायच्या आत दात बाहेर! पण कौतुक केलं की ती म्हणे, "माझं काय त्यात? बाबांची दुवा आहे."

त्या साली ठाणेदार मलिक सरवर यांच्या घरी बिदरहून एक हकीम आले. मुकर्रबखान त्यांचं नाव. विद्वान माणूस, यात शंका नाही. बगदादेकडच्या जुन्या वैद्यांचे ग्रंथ त्यांना तोंडपाठ होते. पण ऐट म्हणाल तर विचारू नका! रोग्याची नाडी धरायची, औषध लिहून द्यायचं, संपलं. कापणं, उपटणं, तोंडात हात घालणं ही हलक्या लोकांची कामं. लाडबीच्या डोक्यावर काड्यांची जुडी दिसली की ते हसत. "आमच्या मंजनात मोती जाळून घालतात, पोवळं घालतात. आणि इथले लोक शेळीसारखे काड्या चघळतात!" लाडबी मान खाली घालून निघून जाई. बाबांच्या कानावर हे गेलं, तर तेही हसले. हकिमांवर रागावण्याइतकी सवड त्यांना नव्हती.

ठाणेदारांची मुलगी महताब, तिचा निकाह पंधरा दिवसांवर आला होता. घरात मेंदी वाटली जात होती आणि नेमका तिचा दात ठणकायला लागला. पोरीला ना खाणं, ना झोप! हकीम पडद्याबाहेर बसले. नाडी बघितली आणि विचारलं, "कुठला दात?"

महताबनं बोट लावलं. पडद्याआडून दासीनं सांगितलं, "डावीकडचा, खालचा, सुळ्याच्या मागचा."

"लाडबी, तो काढ," हकीम म्हणाले.

दात काढायला बोलावलेली लाडबी पडद्याआत होती. ती अदबीनं बोलली, "हकीमसाहेब, दातदुखी चकवते. दुखतो एक आणि रोगी दाखवतो शेजारचा. आधी ठोकून बघू का?"

"आता हज्जामीण मला शिकवणार? सांगितलं तेवढं कर!"

तिनं महताबचं डोकं आपल्या गुडघ्यांमध्ये घेतलं, चिमटा लावला, आणि दात अलगद बाहेर आला. पांढराशुभ्र, कीड नाही की डाग नाही. लाडबीनं तो उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. तेवढ्यात महताब किंचाळली, "अम्मा, ठणका तसाच आहे गं!"

घरात एकच गलका झाला. ठाणेदार धावत आले. निकाहाच्या तोंडावर पोरीचा चांगला दात गेला आणि दुखणं जागच्या जागी! ते हकिमांकडे वळले. आणि बघा बरं, विद्वान माणूस काय बोलला! "मी तर पडद्याबाहेर होतो. तोंडात बघणारे डोळे तिचे होते."

खोटं असं यात काही नव्हतं. पण अर्धंच सांगितलं की खऱ्याचंही खोटं होतं. दासीनं सगळं ऐकलं होतं, पण ती पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेली. ठाणेदार गरजले, "सूर्य मावळायच्या आत गाव सोड! तुझा तो चिमटा नदीत फेकतो!" पन्नाशीची बाई, पोटचं कोणी नाही. जायचं कुठं, करायचं काय?

दात मुठीत घेऊन ती धावत सुटली ती थेट झोपडीपाशी. बाबा शेळीच्या दुधाची वाटी ओठाला लावणार होते. ती पायांवर कोसळली. "बाबा, माझ्या हातून पोरीचं नुकसान झालं!" हकिमांबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. बाबांनी तिची मूठ सोडवली, तो दात आपल्या दुधाच्या वाटीत टाकला आणि उठलेच. "चल. जिथून निघाला तिथं पोचवू त्याला. देणारा परतही देतो."

ठाणेदारांच्या दारात बाबांना अडवायची कोणाची छाती? बाबा म्हणाले, "सोन्याची बारीक तार लागेल. चांदी तोंडात काळी पडते." लाडबीनं मागचा पुढचा विचार न करता कानातली बाळी काढली. तिच्या अंगावर सोनं म्हणून तेवढंच होतं. नारो सोनारानं घटकाभरात तिची तार ओढून आणली.

बाबांनी 'बिस्मिल्ला' म्हणून दात खाचेत बसवला आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. मग लाडबीनं पुढचा सुळा, हा दात आणि मागची दाढ असं तिन्हींना तारेनं गुंफून बांधलं. बांधायच्या आधी बाबांच्या सांगण्यावरून तिनं चिमट्याच्या दांड्यानं एकेक दात ठोकला. मागच्या दाढेला दांडा लागताच महताब कळवळली. खरी गुन्हेगार ती दाढ होती! पण तार तिच्यावरच अडकवायची, तेव्हा आत्ता ती काढता येईना. बाबांनी तिच्या किडीत लवंग दाबली, महताबच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, "अकरा दिवस गप्प बस हं." पोरीला म्हणाले की दाढेला, कोण जाणे! ठणका थांबला.

हकीम हसले. "लवंग आहे, दोन घटका टिकेल. आणि उपटलेला दात धरल्याचं आजवर कोणी पाहिलंय?"

ठाणेदारांनी निवाडा दिला. अकरा दिवस. दात धरला तर लाडबी राहील, नाही धरला तर त्याच पावली गावाबाहेर.

काय गेले असतील ते अकरा दिवस! महताबला नुसती पेज आणि दूध. लाडबी सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं तिचं तोंड धुववी, पीलूच्या मऊ काडीनं बाकीचे दात साफ करी, आणि घरी जाऊन सज्द्यात जमिनीला कपाळ टेकून रडे. पण ठणका काही परतला नाही, एकदाही नाही! दोन घटकांची लवंग अकरा दिवस कोणी पुरवली, हे तुम्हीच सांगा.

अकराव्या दिवशी तार कापली. बाबा म्हणाले, "हकीमसाहेब, पारख तुम्हीच करा. लाडबीच्या हातावर विश्वास नको, माझ्या शब्दावरही नको."

ठाणेदारांनी पडदा सरकवायला सांगितला. चाळीस वर्षं वैद्यकी केलेले मुकर्रबखान त्या दिवशी पहिल्यांदा रोग्याच्या तोंडात बघायला वाकले. त्यांनी दात चिमटीत धरून हलवला. हलेना. जोर लावला. हलेना! हिरडी गुलाबी, दात जन्मापासून तिथंच असल्यासारखा घट्ट. आणि शेजारच्या दाढेला मागच्या अंगानं काळं भोक, वाकून मान वळवल्याशिवाय दिसू नये असं. त्या दिवशी फक्त वाकून बघायला हवं होतं!

हकिमांनी हात मागे घेतला. लाडबी वाचली होती. ते गप्प बसले असते तर कोणाला काही कळलंही नसतं. पण बाबांसमोर त्यांना राहवेना. ते ठाणेदारांकडे वळले. "हुजूर, ही बाई ठोकून बघते म्हणत होती. मी नको म्हटलं. चूक माझी होती, आणि मी ती हिच्यावर ढकलली." असं म्हणून त्यांनी बाबांच्या पायांवर पगडी ठेवली.

बाबांनी पगडी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "इतकं खाली वाकता येतं ना तुम्हाला? मग रोज वाका. माझ्यासाठी नको, रोग्याच्या तोंडापर्यंत."

किडकी दाढ अजून काढायची होतीच. लाडबीनं महताबचं डोकं गुडघ्यांमध्ये घेतलं, चिमटा उचलला आणि रक्त थुंकायचं तस्त कोणाला धरायला सांगावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. दासी पुढे आली. पण तिच्याआधी मुकर्रबखानांनी पगडी बाजूला ठेवली, बाह्या सारल्या, आणि तस्त दोन्ही हातांत धरून ते त्या हज्जामिणीच्या पायाशी मान लववून बसले.